भिंतीवरचा आकडा

वार्षिक अंकाच्या संपादक मंडळातील दोन विद्यार्थिनी दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "सर, यंदा 'ध्येय कसे ठरवावे' यावर तुम्ही लिहाच." विषय ऐकून आम्ही मनातल्या मनात चपापलो. ज्या शिक्षकाने पंचवीसहून अधिक वर्षे मुलांकडून 'माझे ध्येय' हा निबंध लिहून घेतला, त्याला या विषयातले सारे काही ठाऊक असलेच पाहिजे, असा त्यांचा समज दिसला. वस्तुतः त्यातील निम्म्याहून अधिक वर्षे आम्ही हा विषय चुकीच्या रीतीने शिकवीत होतो, आणि ती चूक आम्हांला आमच्याच एका जुन्या विद्यार्थ्याने दाखवून दिली. तेव्हा उपदेश करण्यापूर्वी कबुली द्यावी हे बरे, असे ठरवून लेखणी हाती घेतली आहे.

'माझे ध्येय' हा निबंध मराठी शाळांतून पिढ्यान् पिढ्या लिहिला जात आहे. आमच्या वडोद्यातही जूनमध्ये शाळा उघडली, पावसाच्या दोन सरी येऊन गेल्या, की या निबंधाच्या वह्यांचा पहिला गठ्ठा आमच्या टेबलावर येऊन पडे. कोणी डॉक्टर होऊन गोरगरिबांची फुकट सेवा करणार, कोणी सैन्यात जाऊन सीमेवर उभा राहणार, कोणी कलेक्टर होऊन लाच बंद करणार. गठ्ठा वाचून संपेपर्यंत आम्हांला वाटू लागे की, येत्या दहा वर्षांत या शहरात डॉक्टर फार होणार आणि रोग्यांचा तुटवडा पडणार! आम्ही ऱ्हस्वदीर्घाच्या चुका लाल शाईने दुरुस्त करीत असू, खाली 'छान' किंवा 'प्रयत्न कर' असा शेरा मारीत असू आणि वह्या परत करीत असू. ध्येय सुवाच्य अक्षरात लिहिले म्हणजे तिकडे जाण्याची वाटही सापडली, असा जणू मुलांचा आणि आमचा मिळून समज होता.

दहावीच्या वर्गासाठी तर आमची आणखी एक प्रथा होती आणि तिचा आम्हांला अभिमानही होता. वर्ष सुरू होताच आम्ही पुठ्ठ्याचा एक मोठा तक्ता आणीत असू. त्यावर प्रत्येक विद्यार्थ्याचे नाव आणि नावासमोर त्याला शालान्त परीक्षेत मिळवायचे शेकडा गुण, असे ज्याने त्याने येऊन आपल्या हाताने लिहायचे. हा तक्ता फळ्याच्या डाव्या अंगाला खिळ्यावर टांगला जाई आणि वर्षभर तेथेच राही. "आकडा डोळ्यांसमोर राहिला की पाय आपोआप चालू लागतात," असे आम्ही मोठ्या विश्वासाने सांगत असू.

एका वर्षी शेवटून दुसऱ्या बाकावर बसणारा एक अबोल मुलगा तक्त्यासमोर आला आणि पेन हातात धरून तसाच उभा राहिला. "किती लिहू, सर?" त्याने विचारले. आम्ही त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणालो, "कमी कशाला लिहितोस? चांगला घसघशीत आकडा लिही!" त्याने ९० लिहिले. वर्गाने टाळ्या वाजवल्या. तोही किंचित हसला आणि जागेवर जाऊन बसला.

पहिल्या सत्राच्या परीक्षेत त्याला शेकडा ४८ गुण मिळाले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्याने जागा बदलून मागितली. खिडकीजवळच्या कोपऱ्यातला, कपाटाला लागून असलेला बाक त्याला हवा होता. मुलाला वारा हवा असेल, असे समजून आम्ही परवानगी दिली. त्या बाकावरून कपाटाच्या आड तक्ता दिसत नाही, हे आमच्या ध्यानात यायला पुढे कित्येक वर्षे जावी लागली. नाताळानंतर त्याची गैरहजेरी वाढली. विचारले तर डोके दुखते म्हणे. शालान्त परीक्षेत तो बेताच्या गुणांनी उत्तीर्ण झाला. पण गुणपत्रिका न्यायला स्वतः आला नाही, धाकट्या भावाला पाठवले. शिक्षकांच्या खोलीत आम्ही एवढेच म्हणालो की, पोराची मेहनत कमी पडली. पुढच्या जूनमध्ये नवा तक्ता आणला आणि त्याच खिळ्यावर टांगला.

या गोष्टीला बरीच वर्षे लोटली. एका उन्हाळ्यात आमच्या घरची पाणी चढवायची मोटर जळाली. शेजाऱ्यांनी मांडवीपासून आत गेल्यावर लागणाऱ्या एका गल्लीतले दुकान सांगितले. रिक्षातून मोटर उतरवीत होतो, तोच दुकानातला मनुष्य लगबगीने उठून बाहेर आला, मोटर आमच्या हातातून घेतली आणि वाकून पायाला हात लावीत म्हणाला, "सर, ओळखले नाहीत ना?" तो खिडकीजवळच्या बाकावरचा मुलगा होता. आता त्याचे स्वतःचे मोटर-वाइंडिंगचे दुकान होते आणि हाताखाली दोन पोरे काम शिकत होती.

त्याने स्टूल पुढे केले, चहा मागवला. मोटर केव्हा मिळेल असे विचारताच क्षणभर विचार करून म्हणाला, "गुरुवारी, संध्याकाळी सहा वाजता." आम्ही सहज म्हणालो, "अरे, लवकर दे म्हणजे झाले." तो हसला. "सर, 'लवकर' हा शब्द मी दुकानात ठेवलाच नाही."

मग त्याने काम कसे चालते ते समजावून सांगितले. जळालेली मोटर आली की पहिल्याने जुनी तार कापायची नाही. आधी टर्न मोजायचे, तारेचा गेज मोजायचा, जोडण्या कागदावर उतरवून घ्यायच्या. "घाईघाईने जुने वाइंडिंग ओढून काढले, तर नवे किती भरायचे ते कोण सांगणार?" मग रिकाम्या खाचांत कागद, मग कॉइली, मग जोडण्या, मग वार्निश, मग वाळवण, मग तपासणी. वार्निश पुरते वाळू न देता मोटर दिली, तर ती महिन्याभरात परत येते. आतल्या भिंतीवर एक काळी पाटी टांगलेली होती. तिच्यावर खडूने चारच ओळी होत्या: अमक्याच्या पंपाच्या कॉइली भरणे, तमक्याच्या पंख्याला वार्निश, अशा. "पाटीवर 'मोटर दुरुस्त करणे' असे मी कधी लिहीत नाही, सर. त्याने नुसती छाती दडपते. आज हातून काय व्हायचे तेवढेच लिहितो. संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसतो. एखादे राहिले तर का राहिले ते पाहतो आणि सकाळी नव्याने लिहितो."

चहा आला. तो काही वेळ कपाकडे पाहत राहिला आणि मग अगदी साध्या आवाजात म्हणाला, "सर, एक विचारू? तो तक्ता तुम्ही भिंतीवरून कधी काढलात?"

आम्हांला उत्तर देता आले नाही. आम्ही तो काढलाच नव्हता. उन्हाळ्यात चुना लावायला आलेल्या माणसांनी कधीतरी उतरवला असेल.

"परीक्षेच्या आधी एके संध्याकाळी मी शाळेत आलो होतो," तो म्हणाला, "तो आकडा खोडायला. पण वर्गाला कुलूप होते." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. "नव्वद नको होते असे नाही, सर. पण मी अठ्ठेचाळीसवर उभा होतो. रोज सकाळी वर्गात आलो की तो आकडा दिसायचा आणि वाटायचे, बरे, पण आज मी काय करू? ते मला कळत नव्हते, आणि विचारायची लाज वाटत होती."

मोटर गुरुवारी सहा वाजता मिळाली. ती आजही चालू आहे. पण त्या आठवड्यात आम्हांला नीट झोप लागली नाही. शिक्षकाने मुलाच्या हातात ध्येय द्यावे आणि ते त्याच्या डोक्यावरचे ओझे व्हावे, याहून वाईट ते काय? त्या जूनमध्ये आम्ही तक्ता आणला नाही. जे त्या दुकानातल्या स्टुलावर शिकलो, ते वर्गात आणण्याचा तेव्हापासून प्रयत्न करीत आहोत. विद्यार्थिमित्रांनो, त्यातले काय उपयोगी पडले तेवढेच आता सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे आपण कोठे उभे आहोत ते मोजणे. नववीतील एका मुलीने कागदावर लिहिले होते, 'मला इंग्रजी सुधारायचे आहे.' आम्ही तिला एक पान शुद्धलेखन घातले. एकवीस चुका निघाल्या. तिचा चेहरा उतरला. पण आम्ही तिलाच त्या चुकांची वर्गवारी करायला लावली. तेव्हा असे दिसून आले की, निम्म्याहून अधिक चुका ज्या शब्दांत एखादे मुके अक्षर लपलेले असते, अशाच शब्दांच्या होत्या. 'इंग्रजी' नावाचा डोंगर एकाएकी टेकडीएवढा झाला. तिने नवी ओळ लिहिली: 'रोज शाळेत येण्यापूर्वी असे पाच शब्द पाठ करून, वही आईकडे देऊन, न पाहता लिहीन, चार आठवडे.' तिच्या आईला इंग्रजी येत नव्हते. ती माउली अक्षरास अक्षर ताडून पाही आणि चुकले की बोट ठेवी. चार आठवड्यांनी तितक्याच लांबीच्या पानात आठ चुका निघाल्या. मौज अशी की, तोपर्यंत आईलाही त्यातील कित्येक शब्द वाचता येऊ लागले होते.

दुसरी गोष्ट, ध्येयाची ओळ अशी असावी की ती पाळणे आपल्या हाती असेल. 'वर्गात पहिला येईन' असे लिहिणाऱ्याचे यश त्याच्या शेजाऱ्याच्या अभ्यासावरही अवलंबून असते. शेजारी आजारी पडला तर हा पहिला येणार आणि शेजारी अधिक जागला तर हा दुसरा! 'रोज तीन उदाहरणे वही मिटून सोडवीन' हे मात्र कोणाच्याही नंबरावर अवलंबून नाही. मोठी आकांक्षा मनात असू नये, असे आम्ही म्हणत नाही. ती अवश्य असावी. पण रोजच्या पानावर आज करावयाची कृती लिहावी.

एडविन लॉक आणि गॅरी लेथम या दोन मानसशास्त्रज्ञांनी ध्येय या विषयाचा अनेक वर्षे अभ्यास केला. 'जमेल तितके चांगले कर' असे मोघम सांगण्यापेक्षा निश्चित आणि काहीसे अवघड ध्येय समोर ठेवले असता माणसाचे काम अधिक चांगले होते, हा त्यांचा मुख्य निष्कर्ष. तो वाचून, आपला तक्ता बरोबरच होता, असे आम्हांला प्रथम वाटले. परंतु पुढे वाचले तेव्हा त्याच अभ्यासातील दुसरी बाजू कळली. काम नवे आणि गुंतागुंतीचे असून ते कसे करावे हेच ज्याला अजून आलेले नाही, त्याच्यापुढे फळाचा मोठा आकडा ठेवला तर तो गोंधळतो. त्याने आधी काम करण्याच्या रीती शिकण्याचे ध्येय ठेवावे, हे बरे. आमच्या त्या विद्यार्थ्याला अभ्यास कसा करावा हेच ठाऊक नव्हते, आणि आम्ही त्याच्याकडून आकडा लिहून घेतला होता.

तिसरी गोष्ट तुकडे पाडण्याची. आल्बर्ट बांडुरा व डेल शंक यांनी अमेरिकेत केलेला एक प्रयोग १९८१ साली प्रसिद्ध झाला. वजाबाकीत फार कच्ची असलेली लहान मुले त्यांनी घेतली. त्यांना स्वतः वाचून सोडवण्यासाठी ४२ पाने दिली आणि त्यासाठी सात बैठका ठेवल्या. काही मुलांना सांगितले, 'प्रत्येक बैठकीत निदान सहा पाने करा.' काहींना सांगितले, 'सातव्या बैठकीअखेर सारी ४२ पाने पुरी करा.' काहींना कोणतेच ध्येय सांगितले नाही. आता ४२ भागिले ७ बरोबर ६, हे तुम्हांला सांगायला नकोच. तरीसुद्धा ज्यांना सहा पाने सांगितली होती, ती मुले वजाबाकीत इतरांच्या कितीतरी पुढे गेली. एवढेच नव्हे, तर 'मला हे जमते' असा विश्वास त्यांना वाटू लागला आणि ज्या गणिताचा कंटाळा होता त्याची गोडीही लागली. दूरचे ध्येय ठेवणाऱ्यांची स्थिती काहीच ध्येय नसलेल्यांहून फारशी बरी नव्हती. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण आपल्या आजीला ठाऊकच होती. प्रयोगाने दाखवले ते हे की, थेंब मोजला तर साचवणाऱ्याचा उत्साहही वाढतो.

आपल्या वडोद्याच्या इतिहासातही या रीतीचे एक ठळक उदाहरण आहे. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा एक बारा वर्षांचा मुलगा १८७५ साली दत्तक होऊन वडोद्याच्या गादीवर आला. तोवर त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. पुढे सुमारे सहा वर्षे, १८८१ च्या अखेरीस राज्याधिकार हाती येईपर्यंत, त्याने गुरूंच्या देखरेखीखाली नियमाने अभ्यास केला. ते सयाजीराव महाराज. राज्यातील प्रत्येक मूल शिकले पाहिजे ही त्यांची आकांक्षा होती. परंतु 'उद्यापासून सर्वत्र सक्ती' असा हुकूम त्यांनी काढला नाही. १८९३ साली अमरेली तालुक्यातील मोजक्या गावांत त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला. आधी थोड्या गावांतून अनुभव घेतला, आणि १९०६ साली तो कायदा साऱ्या संस्थानाला लागू केला. मधली तेरा वर्षे कोणी तक्त्यावर लिहीत नाही. पण काम झाले ते त्या तेरा वर्षांत.

चौथी गोष्ट अडचणीची. ध्येय लिहिणारा बहुधा असे धरून चालतो की, पुढचे सर्व दिवस कोरडे, शांत आणि निवांत असणार. एका मुलाने सप्टेंबरात लिहिले, 'नवरात्रात रोज रात्री दोन तास गणित करीन.' सारा वर्ग हसला. वडोद्याच्या नवरात्रात रात्री गणित करणारा मनुष्य अद्याप जन्माला यायचा आहे! पीटर गोल्विट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने यावर सोपा उपाय सांगितला आहे. अडचण आधीच ओळखावी आणि 'जर असे झाले, तर मी तसे करीन' असे वाक्य ठरवून ठेवावे; म्हणजे ऐन वेळी मनाशी वाद घालत बसावे लागत नाही. त्या मुलाने मग लिहिले, 'जर रात्री गरब्याला गेलो, तर दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्याबरोबर, मोबाईलला हात लावण्यापूर्वी, तीन उदाहरणे सोडवीन.' नऊ दिवसांपैकी सात दिवस त्याने ते पाळले. उत्तरायणाच्या पतंगांपुढे मात्र कोणतेही 'जर-तर' टिकत नाही, असे अनुभवास आल्यामुळे त्या दिवशी ध्येय ठेवू नये, असा ठराव वर्गाने एकमताने मंजूर केला आहे. आम्हीही त्याला अनुमोदन दिले.

पाचवी गोष्ट नाजूक आहे आणि ती आम्ही विशेषतः पालकांस सांगू इच्छितो. एका मुलाच्या कागदावर लिहिले होते, 'मी सी.ए. होणार.' आम्ही विचारले, "सी.ए. दिवसभर काय काम करतात, रे?" तो गप्प राहिला आणि मग म्हणाला, "बाबांना विचारून सांगतो." ते ध्येय त्याचे नव्हतेच; त्याने ते घरून आणले होते, जसा डबा आणतात तसे. पालकसभेच्या दिवशी वडील आले. आम्ही जपूनच विषय काढला. ते काही वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, "सर, आम्हांला कोणी विचारलेच नव्हते काय व्हायचे ते. मुलाला निदान आपण सांगावे, असे वाटले." या उत्तरातली माया आम्हांला कळली आणि अडचणही कळली. शेवटी तिघांनी मिळून दोन ओळी ठरवल्या. मुलाने महिनाभर घराचा किराणा-दुधाचा हिशेब लिहावा आणि ते काम आवडते का ते पाहावे. आणि त्याने स्वतः निवडलेला तबल्याचा रियाज रोज वीस मिनिटे करावा, त्यात वडिलांनी खंड पाडू नये. तो सी.ए. होईल की नाही, हे अजून ठरलेले नाही. पण पूर्वी या प्रश्नावर बाप एकटाच बोलत असे. आता दोघे बोलतात.

हे सारे कागद आता भिंतीवर लागत नाहीत. ते वहीच्या शेवटच्या पानावर असतात. दर शनिवारी शेवटच्या तासाची दहा मिनिटे आम्ही त्यासाठी ठेवतो. काय झाले, काय राहिले, का राहिले, आणि सोमवारी काय करायचे, एवढ्या चार प्रश्नांची उत्तरे ज्याने त्याने लिहायची. दाखवायचे असेल तर दाखवावे, नसेल तर नाही. ओळ जड वाटली तर ती बदलण्याची मुभा आहे. एका विद्यार्थिनीची आई गेल्या वर्षी दीर्घ काळ आजारी होती. घरचा स्वयंपाक, धाकट्या बहिणीची शाळा, सारे तिच्यावर आले. तिने आपली ओळ खोडून 'रोज एक पान वाचीन' एवढेच लिहिले. पुढे तेही काही दिवस झाले नाही. तिला हवे होते तितके गुण त्या वर्षी मिळाले नाहीत, हे आम्ही लपवीत नाही. योग्य रीतीने ध्येय ठरवले की यश हमखास येतेच, असे सांगणारा मनुष्य तुम्हांला फसवीत असतो. पण ती मुलगी एकही शनिवार चुकली नाही आणि गुणपत्रिका न्यायला स्वतः आली. आमच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हे.

आता आमच्याविषयी थोडे. जो दुसऱ्यास लिहायला लावतो त्याने स्वतःही लिहावे, म्हणून आम्हीही वहीच्या शेवटच्या पानावर एक ओळ लिहितो आणि ती मात्र वर्गाला वाचून दाखवतो. यंदाची ओळ अशी: 'दर आठवड्यास पाच निबंधांखाली 'छान' असा शेरा न देता, मुलाने विचार करावा असा एक प्रश्न लिहीन.' हे वाटते तितके सोपे नाही. 'छान' लिहायला निबंध वाचावा लागत नाही; प्रश्न लिहायला तो दोनदा वाचावा लागतो! ऑगस्टमध्ये एका शनिवारी आम्ही दोनच प्रश्न लिहिल्याचे कबूल केले आणि पाहुण्यांचे कारण सांगितले. तेव्हा पुढच्या बाकावरील एका मुलीने गंभीरपणे विचारले, "सर, तुमचे 'जर-तर' कुठे आहे?" आम्ही तेथल्या तेथे लिहिले: 'जर घरी पाहुणे आले, तर शाळा सुटल्यावर अर्धा तास वर्गातच बसून वह्या पाहीन.' वर्गाने टाळ्या वाजवल्या. या टाळ्यांचे ओझे मात्र वाटले नाही, कारण सोमवारी काय करायचे ते आम्हांला ठाऊक होते.

विद्यार्थिमित्रांनो, हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा वर्ष संपत आलेले असेल आणि नव्या वर्षाचे बेत मनात घोळू लागलेले असतील. मोठी स्वप्ने अवश्य पाहा. ती पाहण्याचे हेच वय. मात्र त्यांतले एकच निवडा. त्यात आज आपण कोठे आहोत ते न लाजता मोजा. या आठवड्यात आपल्या हातून काय होण्यासारखे आहे, ते एका ओळीत लिहा. काय आडवे येईल ते ओळखून 'जर-तर' ठरवून ठेवा. आणि काही कळेनासे झाले तर विचारा. आमचा तो विद्यार्थी विचारायला लाजला, हा त्याचा दोष नव्हता. त्याला विचारता येईल अशी जागा आम्ही वर्गात ठेवली नव्हती, हा आमचा होता.

वर्गातला तो खिळा अजून भिंतीत आहे. त्यावर आम्ही काही टांगत नाही. मांडवीजवळच्या दुकानातली पाटी मात्र आम्ही जाता-येता पाहतो. संध्याकाळी ती ओल्या फडक्याने पुसली जाते आणि सकाळी तिच्यावर नव्या चार ओळी येतात. तुमच्या वहीचे शेवटचे पानही तसेच भरत राहो, हाच आमचा तुम्हांस आशीर्वाद.